शुद्ध पाणी

आमच्या डोक्यावरून वीज जायची, घरात मात्र यायची नाही. खोपोलीच्या पॉवर हाउसमधून निघालेल्या जाड तारा आमच्या वस्तीवरून थेट मुंबईकडे जात. पावसाळ्यात त्या गुणगुणत. बाबा सांगायचे, घाटावर तलावात पाणी साठवतात आणि लागेल तेव्हा खाली सोडतात, म्हणून त्या शहरात हवा तेव्हा दिवा लागतो. आमच्यासाठी कुणी काही साठवलं नव्हतं.

बाबा खोपोलीत ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या दुकानात कामाला होते. ॲसिडचे शिंतोडे उडून त्यांच्या एकूण एक शर्टाला भोकं पडलेली. ठिगळाला ठिगळ किती लावू, म्हणून आई करवादायची.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि सगळ्यांशी भांडत होते. त्या वर्षी उन्हाळ्यात एक सरकारी जीप गावात आली. उन्हावर चालणारे तीन दिवे गावाला मिळणार होते. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर निळसर काचेची फळी आणि खाली कुलपाच्या लोखंडी पेटीत बॅटरी. दिवसभराचं ऊन त्या बॅटरीत साठायचं आणि दिवेलागणीला दिवा आपोआप लागायचा. जीपमधून आलेल्या साहेबाने बॉनेटवर नकाशा पसरला. त्यावर तीन फुल्या होत्या. एक देवळासमोर, एक पंचायतीसमोर आणि तिसरी ओढ्यावर, आमच्या बौद्धवस्तीच्या तोंडाशी. मी स्वतः पाहिली. त्याच ओढ्याच्या दगडांवरून आदल्या वर्षी तिन्हीसांजेला आई घसरली होती आणि तिचं मनगट वाकडं जुळलं होतं. त्यामुळे ती फुली मला आमच्या घरचीच वाटली.

साहेब सरपंचांकडे जेवायला गेला. जेवून हात धुऊन परतला, तोवर तिसरी फुली सरपंचांच्या खळ्यावर सरकली होती.

निघताना त्याने बजावलं, "महिन्यातून एकदा बॅटरीत शुद्ध पाणी घाला. फक्त शुद्ध. नाहीतर बॅटरी मेली म्हणून समजा."

बाबा गर्दीच्या मागे उभे होते. ते पुढे होऊन म्हणाले, "शुद्ध म्हंजे डिस्टिल वॉटर, सरपंच. आमच्या दुकानात असतं. मी आणून घालीन."

सरपंच हसले. "तू राहू दे रं. देवळाच्या विहिरीचं पाणी हाय की. त्याच्यापरीस शुद्ध काय असतं?"

आम्ही बौद्ध झालो त्याला पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती. तरी त्या विहिरीवर आमची कळशी टेकत नव्हती. तिचं शुद्धपण राखायचं ते आमच्यापासूनच. बाबा पुन्हा गर्दीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन मी त्यांनाच बोल लावला. ते शांतपणे म्हणाले, "बॅटरीच सांगंल त्यांना. तिला जात कळत नाय गं."

मग दर महिन्याला पुजाऱ्याच्या घरून घासलेली तांब्याची कळशी यायची आणि बॅटरीची बुचं काढून तिच्यातलं विहिरीचं पाणी आत ओतलं जायचं. पेट्यांना हळदकुंकूही लागलं. ते बाहेरून लावत, एवढंच नशीब.

पावसाळ्यात दिवे मंद झाले तेव्हा सगळ्यांनी ढगांना दोष दिला. दसऱ्याला आभाळ लख्ख झालं, तरी भाकऱ्या भाजून व्हायच्या आत दिवे माना टाकायला लागले. शेवटी दिवाळीच्या तोंडावर सरपंचांचा निरोप वस्तीवर आला, की बाबांनी येऊन बघावं.

बाबांनी बुचं उघडून आत पाहिलं, तर विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटी पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी तिन्ही बॅटऱ्या टेंपोत चढवल्या. दुकानात त्यांनी त्या रिकाम्या केल्या, धुतल्या, नवं ॲसिड भरलं आणि चार दिवस चार्जिंगला लावल्या. एक गेली ती गेलीच. दोन जगल्या. त्या दोन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच स्वतः ओढा ओलांडून आले. मतं मागायला आले तेवढेच, एरवी ते कधी आले नव्हते. ओट्याखालीच उभे राहून म्हणाले, "एक देवळाला, एक खळ्याला. बसवून टाक रं आजच."

बाबा उठायला लागले. मी बॅटऱ्यांपुढे फतकल मारून बसले.

"देवळाला एक न्या," मी म्हणाले. "दुसरी हितं लागंल, ओढ्यावर. खळ्यावरचा खांब उपटून हितं आणा, मग देऊ."

"सरकारचा माल हाय तो, पोरी."

"मग बोलवा सरकारला. फुली कुठं होती ते मी सांगते. पाणी कुठलं घातलं तेबी सांगते."

सरपंचांनी बाबांकडे पाहिलं. "पोरीला आवर रं."

खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. सरपंचांना नाही, बाबांना. ते 'ऊठ' म्हणाले असते तर मी उठले असते आणि जन्मभर त्यांच्यावर रागावले असते. ते आपल्या शर्टाच्या भोकातून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिचं बराबर हाय."

आठ दिवस गाव आमच्याशी बोललं नाही. देवळापुढेही अंधार आणि खळ्यावरही अंधार. आम्हाला अंधाराची सवय होती, त्यांची मात्र उन्हाळ्यापासून मोडली होती. नवव्या दिवशी बैलगाडीवर आडवा टाकलेला खांब ओढ्याशी आला. खड्डा आमच्याच माणसांनी खणला आणि बाबांनी इथली नि देवळाची, दोन्ही बॅटऱ्या बसवल्या. त्या संध्याकाळी आई काही काम नसताना दोनदा ओढा ओलांडून गेली आणि आली.

पुढच्या महिन्यात बाबांना सुट्टी नव्हती, म्हणून डिस्टिल वॉटरची बाटली घेऊन मी निघाले. आधी आमच्या खांबाची बॅटरी भरली, मग देवळाकडे गेले. त्या अंगणात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पारावर माणसं बसली होती. तिथल्या पेटीची किल्ली सरपंचांकडे होती. ते उठले, कुलूप काढलं आणि चार पावलं मागे सरले.

"पाणी शुद्ध हाय ना गं?" त्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हणाले. "माझ्या हातचं हाय."

आणि सगळ्यांच्या देखत बॅटरीची सहाही बुचं काढून आतल्या प्लेटी बुडेपर्यंत ओतलं.