भाऊजींसाठी गाव निवडताना

मी आज जो काही आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा माझ्या भाऊजींचा आहे, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांचा. आमच्या गावात शाळा दहावीपर्यंतच होती, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव धानाच्या बांध्यांत. पुढे शिकायला मी भंडाऱ्याजवळच्या वरठीला ताईकडे आलो, तो पदवी घेऊनच तिथून निघालो. भाऊजी कारखान्यात होते. रात्रपाळी करून आले की दिवसा समोरच्या खोलीत झोपायचे. मी आल्यावर त्यांनी ती खोली मला दिली आणि आपली खाट पडवीत नेली. दुपारची उन्हं, सायकलींच्या घंट्या, भाजीवाल्यांच्या हाका, सगळ्यात ते तसेच झोपत.

बहिणीच्या घरी भावानं वर्षानुवर्षं राहणं आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांत येतं. "साळ्याले घरजावई करून ठेवलं का बे?" त्यांचे सोबती दारातूनच विचारायचे.

"जावयापेक्षा बरा आहे," भाऊजी म्हणायचे. "रुसत नाई."

आता मी अमेरिकेच्या मधल्या भागात, आयोवा राज्यात, माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. भाऊजी निवृत्त झाले तेव्हापासून त्या दोघांना इकडे आणायचं माझ्या मनात होतं. व्हिसा झाला. ताईची नवी बॅगसुद्धा घेऊन झाली. पण भाऊजी तिकीट काढू देईनात. नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. मागच्या हिवाळ्यात मी वरठीला गेलो तो त्यांच्या तोंडून हो ऐकायला. त्यांचे गुडघे दर वर्षी थोडे अधिक कुरकुरत होते. आता आले नाहीत तर पुढे येणं होणार नाही, हे मला दिसत होतं.

कुठं कुठं फिरायचं ते ठरलं की माणसाचा जीव प्रवासात गुंततो, असं मला वाटलं. म्हणून मी तिकडच्या पेट्रोलपंपावरून आणलेला रस्त्यांचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला. आठवडाभराची गाडीची सफर. शिकागोच्या उंच इमारती, सेंट लुईसची कमान, मिनियापोलिसचा धबधबा. भाऊजी खुर्चीत बसून बघत होते. ताई लसूण सोलत नकाशाजवळ येऊन बसली.

"हे सारं ठीक आहे," ती म्हणाली. "पण या शिकागोत आपलं कोण आहे?"

"कोणी नाही, ताई. हॉटेलात राहायचं."

"आपला माणूस नाई तिथं कायले जायचं?"

आमच्याकडे गाव म्हणजे तिथलं घर. भंडाऱ्याला जायचं म्हणजे मावशीकडे, गोंदियाला म्हणजे आतेभावाकडे. आणि गावात जाऊन घरी न जाणं हा मोठा गुन्हा. एकदा देवरीच्या लग्नाला जाताना आमची बस साकोलीला चहासाठी थांबली. ताईच्या चुलतनणंदेच्या शेजारणीनं आम्हाला टपरीवर पाहिलं. त्यानंतर ती नणंद ताईशी कित्येक वर्षं नीट बोलली नाही.

तेव्हा ताई कामाला लागली. फोन सुरू झाले. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीचा मुलगा इंडियानापोलिसला राहतो असं निघालं. साकोलीच्या एका मास्तरांची सून ओमाहाला. भाऊजींच्या सोबत्याचा पुतण्या कॅन्सस सिटीला. एकेका घराच्या नावानं ताई नकाशावर लसणाची एक पाकळी ठेवत गेली. त्यात मीही एक चूक केली. अमेरिकेतल्या आपल्याकडच्या लोकांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. ताई-भाऊजी येताहेत असं मी उत्साहानं तिथं टाकलं. संध्याकाळपर्यंत आणखी पाकळ्या पडल्या. कोणी ओहायोला बोलावत होतं, कोणी विस्कॉन्सिनला.

"बाबू, आता ओमाहाले गेलो अन् कॅन्ससले नाई गेलो तं त्याहिले वाईट वाटन," ताई म्हणाली.

मी मोबाइलवर अंतरं पाहिली. रोज दिवसभर गाडीत बसायचं आणि रात्री कोणाच्या तरी घरी जेवायचं, अशी ती सफर झाली होती. एकही पाकळी उचलायची माझी हिंमत होईना.

"तुम्हाला काय पाहायचं आहे, भाऊजी?" मी विचारलं.

"तुही ताई म्हणन ते," ते म्हणाले आणि उठले. "चाल, चहा पिऊन येऊ."

आम्ही त्यांच्या मोटारसायकलवर स्टेशनकडे निघालो. रस्ता थोडासाच, पण तो संपेना. पहिल्याच वळणावर एका जुन्या सोबत्यानं हात दाखवला. "काय घरजावई, कवा आले? भाऊजीले नेऊन राहिले म्हणे!" पुढे किराणावाल्यानं थांबवलं, त्याला गुडघ्यांची खबर हवी होती. मग सायकलवरून येणाऱ्या एकानं उतरून भाऊजींना मुलीच्या लग्नाची तारीख सांगितली आणि दोन दिवस आधी यायला बजावलं. भाऊजी प्रत्येकाशी हसून बोलले. गाडी बंद करायचे, पुन्हा चालू करायचे.

टपरीवर बसल्यावर त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "पाह्यलं ना?"

"काय?"

"नोकरी लागली तवापासून इथंच आहो. बाहेर गेलो तं लग्नात, नाई तं कोणाच्या मयतीत. माणसं चांगली आहेत, तसं नाई. पण जिथं मले कोणीच वळखत नाई, असं एकबी गाव म्या आजलोक पाह्यलं नाई. तुह्या त्या नकाशात आहे का असं?"

"अशा गावात काय करान तुम्ही?"

"बसीन. चहा पेईन. माणसं जाऊन येऊन राहतीन, ते पाहीन." त्यांनी बशीतला चहा संपवला. "मले अमेरिकेत जाऊन बी पाट मांडून कोणी जेवाले वाढू नये. असं गाव भेटलं तं सांग, येतो. नाई तं तुह्या ताईले ने. मी घर पाहतो."

"ताईला सांगितलं का हे?"

"तिले कसं सांगू? ती माह्यासाठीच तं घरं जमवून राहिली."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. ते पहिल्यांदाच मागत होते, आणि तेही चहाच्या टपरीवर, इकडेतिकडे बघत, कोणी ऐकत नाही ना म्हणून.

मी आयोवाला परत आलो ते हे काम डोक्यात घेऊनच. शनिवार-रविवारी गाडी काढून आसपासची गावं बघत फिरलो. एका गावी हायस्कूलच्या जुन्या विद्यार्थ्यांचं संमेलन होतं, सगळेच एकमेकांना मिठ्या मारत होते. दुसरं इतकं सामसूम की पाहायला माणूसच नव्हता. तिसरं सापडलं ते मिसिसिपी नदीच्या काठी. तिथून परत आल्यावर मी ताईला फोन केला आणि टपरीवरचं बोलणं सांगून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले काहून नाई सांगितलं मंग त्याहिनं?" आणि नंतर, "तुले जसं जमन तसं कर, बाबू." मग मी भाऊजींना पत्र लिहिलं. फोन घरी सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात चालतो. हे त्यांनी सावकाश वाचावं असं मला वाटत होतं.

प्रिय भाऊजी,

तुम्हाला आणि ताईला नमस्कार. गाव सापडलं.

आधी ताईचं सांगतो. ओमाहा, कॅन्सस, इंडियानापोलिस, सगळं काढून टाकलं. कोणाच्याच घरी जायचं नाही, म्हणजे कोणाला राग नाही. त्याऐवजी एका रविवारी सगळ्यांना माझ्या घरी बोलावलं आहे, आणि सगळे येतो म्हणाले. ताई तयार आहे. लाखोळीची डाळ घेऊन येते म्हणाली. तिथून एक दिवस शिकागोला, तिला तो दुसरा काठ न दिसणारा तलाव बघायचा आहे.

मग तीन दिवस नदीकाठच्या गावी. तिथं मी कोणालाच ओळखत नाही. आपल्याकडचं कोणी नाही, ग्रुपवर विचारलं नाही, मी स्वतःच शोधलं. काठावर बाकं आहेत. समोरून धान्याचे लांब तराफे जातात. जवळ एक लहान हॉटेल आहे, तिथं चहा मिळतो. फिका असतो, साखर मागून घ्यावी लागेल. चढण नाही, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

एक अडचण आधीच सांगतो. इथली माणसं अनोळख्यालाही हसून नमस्कार करतात. मी बसलो होतो तेव्हा एका बाईंनी हवा चांगली आहे असं मला सांगितलं आणि पुढे गेल्या. त्याला माझा इलाज नाही. पण नाव-गाव कोणी विचारणार नाही.

आणि एक. मीही तुम्हाला ओळखतोच. म्हणून पहिल्या सकाळी तुम्हाला बाकावर सोडून मी ताईला बाजारात नेईन. जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही तिकडे फिरकणार नाही.

तिकीट कधीचं काढू, तेवढं कळवा.

तुमचा,
बाबू