अप्पांच्या श्वासाचा आलेख

अप्पांना दम्याचा त्रास कधीपासून आहे, हे डॉक्टर मॅडमनी विचारलं तेव्हा आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली. आई म्हणाली, "दोन वर्षं झाली असतील." अप्पा म्हणाले, "छे, गेल्या थंडीपासून." मी म्हणाले, "मला आठवतं तेव्हापासून ते सकाळी उठून खोकतातच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आता मी औषध कुणाच्या उत्तरावर देऊ?"

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक प्लास्टिकची नळी काढली. नळीच्या अंगावर आकडे होते आणि एक छोटा लाल काटा. तोंडाला लावून जोरात फुंकलं की काटा पुढे सरकायचा. छातीतून हवा किती जोराने बाहेर पडते ते त्यावरून कळतं, असं त्यांनी समजावलं. सकाळी आणि संध्याकाळी तीन-तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. सोबत त्यांनी एक पंप लिहून दिला, रोज ओढायचा.

दोन हजार तीन-चार सालची ही गोष्ट. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात दोन खोल्यांत राहायचो. अप्पांनी आयुष्यभर मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात काम केलं होतं. मायक्रोमीटर लावून माप घ्यायचं, केसाइतका जरी फरक असला तरी तो भाग बाजूला काढायचा. कारखान्याच्या भाषेत त्या भागाला 'जॉब' म्हणतात. श्वास पुरेना म्हणून त्यांनी वेळेआधीच काम सोडलं होतं. नळी घेऊन घरी आल्यावर ते म्हणाले, "आजवर मी जॉब मापले. आता मीच जॉब झालो."

आई हसली, पण ते काही हसले नाहीत. पंप त्यांनी कपाटाच्या खणात ठेवला तो ठेवलाच. पंपाची सवय लागते, एकदा लागला की माणूस संपला, असं आमच्या आळीत सगळेच म्हणायचे.

मी तेव्हा उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचे. शेठ सिंधी होते. कुठल्या मशीनवर दिवसाला किती खोकी निघाली ते मी भरायचे आणि शनिवारी त्याचा ग्राफ काढून द्यायचे. आकड्यांची रांग दिली आणि दोन बटणं दाबली की पडद्यावर रेघ उमटायची, याचं मला फार अप्रूप होतं. मग साहजिकच वाटलं, अप्पांचाही ग्राफ काढावा.

पहिले तीन आठवडे मी स्वतः समोर बसून त्यांना फुंकायला लावलं. दोनशे चाळीस, दोनशे साठ, दोनशे वीस, दोनशे पन्नास. शेठना विचारून मी ऑफिसच्या प्रिंटरवर ग्राफ छापला. त्यांनी कागद हातात घेऊन विचारलं, "ये कौनसी मशीन है?"

"मशीन नाही शेठ, माझे वडील आहेत."

त्यांनी कागद परत दिला. "रंगीन में निकाल, बेटी. अच्छा दिखेगा."

रंगीत कागद मी घरी कपाटाच्या दारावर चिकटवला. आणि तो बघून मीच घाबरले. वहीत आकडे वाचताना काही वाटलं नव्हतं. दारावर मात्र लाल रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी खाली येत होती, पुन्हा धडपडत वर चढत होती, पुन्हा कोसळत होती. आईने तर त्या दाराकडे बघायचंच सोडलं. कपाटातून साडी काढायची तर दुसरं दार उघडायची.

त्याच सुमारास बदलापूरच्या शिरगावातून एक स्थळ आलं होतं. मुलगा एका ऑफिसात नोकरीला होता, माणसं साधी होती. मावशीने ते आणलं आणि आमच्याकडे येऊन बसली. "मग काय कळवू त्यांना?"

मी कपाटाकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ती रेघ वर जात नाही तोवर माझ्या लग्नाचं कुणी बोलायचं नाही."

मला ते बोलताना फार बरं वाटलं होतं. आपण काहीतरी मोठं केलं असं वाटलं. अप्पा दाराशी बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुझी सकाळची घाई असते. शेअर रिक्षा चुकते. मीच फुंकून लिहीन, तू संध्याकाळी येऊन वही बघत जा."

मला ते पटलं. आणि रेघ वर जायला लागली. आधी दोनशे ऐंशी, मग तीनशे, पुढे तीनशे चाळीस. दोन आठवड्यांत ती तीनशे चाळीस-पन्नासच्या आसपास स्थिर झाली आणि तिथेच राहिली. मी नवा कागद छापून आणला. आई आता ते दारही उघडायला लागली. मावशीला निरोप गेला की शिरगावच्या लोकांना भेटायला हरकत नाही. अप्पा जिना चढताना अजून थांबत होते, हे मी बघत होते. पण कागद सांगत होता ते मी डोळ्यांपेक्षा जास्त खरं मानलं.

महिन्याभराने मी मोठ्या ऐटीत ग्राफ घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, वही पाहिली, मागची पानं उलटली. "काका, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा सारखंच?"

"हो. औषध लागू पडलंय."

"सारखं तर माझंही येत नाही." त्यांनी नळी पुढे केली. "जरा फुंका."

अप्पांनी फुंकलं. काटा दोनशे दहावर थांबला. दुसऱ्यांदा दोनशे. तिसऱ्यांदा त्यांना खोकला आला, फुंकताच आलं नाही.

"आज चालत आलो ना," अप्पा म्हणाले. आम्ही रिक्षाने आलो होतो.

मॅडम चिडल्या नाहीत. नळी पुसून त्यांनी परत अप्पांच्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, वाईट आकडा मला चालतो. त्यावर मी काहीतरी करू शकते. खोट्या आकड्यावर मी काय करू?"

मला इतकी लाज वाटली की मी खाली फरशीकडे बघत बसले. लाज अप्पांची वाटली होती; त्यांनी खोटे आकडे का लिहिले ते पुढे दहा मिनिटांनी कळलं.

दवाखान्याच्या खाली एक उसाच्या रसाचं दुकान होतं. अप्पांना धाप लागली म्हणून आम्ही तिथल्या बाकावर बसलो. मी रागाने म्हणाले, "तुम्ही असं का केलंत? कारखान्यात कुणी खोटं माप लिहिलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?"

"नसतं चाललं."

"मग?"

त्यांनी वही मांडीवर ठेवली. "तू म्हणालीस ना, रेघ वर जाईपर्यंत लग्न नाही. माझी छाती काही माझ्या हातात नव्हती. पेन होतं."



"आणि दुसरं सांगू?" ते पुढे म्हणाले. "आकडा खाली आला की तुझं तोंड पडायचं. आई तिकडे भाकऱ्या थापायची थांबायची. मी रोज सकाळी फुंकायचो ते तुमच्या तोंडाकडे बघून. श्वास घ्यायचा की तुमची तोंडं बघायची?"

रस आला होता. बर्फ न घातलेला, त्यांच्यासाठी सांगून घेतलेला. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी रडत होते आणि रसवाला शेजारची टेबलं पुसत असल्याचं दाखवत होता.

थोड्या वेळाने अप्पांनी विषय बदलावा तसं विचारलं, "त्या तुझ्या पहिल्या कागदावर शून्य कुठे आहे?"

"म्हणजे?"

"खालून आकडे दोनशेपासून सुरू होतात. वर दोनशे साठला संपतात. मग वीसचा फरक कड्यासारखाच दिसणार. आमच्याकडे असा कागद कुणी आणला असता तर साहेबांनी परत पाठवला असता."

मी कधी पाहिलंच नव्हतं. कॉम्प्युटरने आपलं आपण ठरवलं होतं कुठून कुठपर्यंत दाखवायचं, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून आईला उगाच घाबरवलं होतं.

त्या दिवशी परतताना त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून आलेखाच्या कागदांची एक वही घेतली, शाळेतली मुलं वापरतात ती. घरी आल्यावर पेन्सिलीला ब्लेडने टोक काढलं, चष्मा लावला आणि खालच्या ओळीवर शून्य लिहिलं. वर पाचशेपर्यंत आकडे टाकले. मग माझे पहिले तीन आठवडे, जे खरे होते ते, एकेक ठिपका देऊन मांडले. मधले चार आठवडे कोरे सोडले. तिथे काहीच जोडलं नाही.

तीच रेघ होती, पण आता ती हळूहळू वरखाली होणाऱ्या शेताच्या बांधासारखी दिसत होती. खाली होती हे खरं. कोसळत मात्र नव्हती. आईने भाकरीचे हात पुसत येऊन ती बघितली. "एवढंच होय? मला वाटलं होतं काय नि काय."

आमच्यात एक ठरलं. ठिपका अप्पाच देणार, मी फक्त रविवारी कागद बघणार, आणि आकडा कितीही आला तरी कुणी तोंड पाडायचं नाही. पंप त्यांनी खणातून काढला. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मॅडमनी त्यांच्यासमोर स्वतःच्या पर्समधला तसलाच पंप काढून दाखवला होता. त्याही कॉलेजपासून घेत होत्या. सवय लागते वगैरेवर अप्पा पुन्हा बोलले नाहीत.

ठिपक्यांच्या खाली अप्पांनी एक बारीक ओळ ठेवली होती, शेऱ्याची. 'पाणी भरले', 'शेजारी रंगकाम', 'विहार'. पाच-सहा आठवड्यांनी एका रविवारी मी कागद बघत होते तर सोमवारचे ठिपके बाकीच्यांपेक्षा खाली दिसले. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "दिसलं ना? मला दोन आठवड्यांपूर्वीच दिसलं. म्हणून गेल्या रविवारी मी विहारात आत गेलो नाही. बाहेर पायरीवर बसून वंदना घेतली. बघ, या सोमवारी खाली नाही."

आमच्या आळीतलं बुद्धविहार म्हणजे एकच खोली. मागच्या बाजूला एक खिडकी, तीही बंद असायची. रविवारी सगळे जमले की मेणबत्त्या लागायच्या आणि अगरबत्तीचा अख्खा पुडा जळायचा. त्या अगरबत्त्या वर्षानुवर्षं अप्पाच लावायचे. तो त्यांचा मान होता, कुणी दिलेला नव्हता पण सगळ्यांनी मानलेला.

"एका आठवड्यावरून काही ठरत नाही," ते म्हणाले. आणखी तीन रविवार ते पायरीवरच बसले. मगच त्यांनी मला सांगितलं की बोलायचं आहे, पण तोंड उघडवत नाही. लोकांना वाटेल, म्हातारा आता वंदनेतही खोट काढतो.

मग मी आणि आई गेलो. आळीतल्या एक वयस्क बाई, त्यांना सगळेच मावशी म्हणायचे, महिला मंडळाचं आणि विहाराचं सगळं बघायच्या. मी त्यांना अप्पांचा कागद दाखवला, सोमवार बोट ठेवून दाखवले. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांनी स्वतःच पुढच्या ओळीत एक सोमवार शोधून त्यावर बोट ठेवलं. "हा पण खालीच आहे की गं."

मग त्या म्हणाल्या, "ते पायरीवर बसतात, आम्हाला वाटलं रागावलेत. त्यांनी आधी सांगायचं नाही का? माझ्या सुनेला पण आत बसलं की खोकला येतो."

पुढच्या रविवारी खिडकी उघडी होती. तिची कडी गंजली होती, ती कुणीतरी हातोडीने ठोकून सोडवली होती. अगरबत्ती बाहेर, उंबऱ्यापलीकडे एका कुंडीत लावली होती, आणि आत मूर्तीसमोर नुसती फुलं. मावशींनी अप्पांना पायरीवरून उठवून आत नेलं आणि फुलांचं तबक त्यांच्या हातात दिलं.

पंपाने किती फरक पडला आणि खिडकीने किती, हे सांगता येणार नाही. अप्पांनाच ते खटकायचं. दोन्ही एकदम बदलायला नको होतं, म्हणायचे. रेघ दोनशे ऐंशी-नव्वदपर्यंत चढली आणि तिथे वरखाली होत राहिली. मॅडमना हवी होती तितकी ती कधीच वर गेली नाही. पण ते आता जिन्यावर एकदाच थांबायचे.

शिरगावची मंडळी आली तेव्हा मी माझी अट मागे घेतली होती. त्याऐवजी मुलाला सरळ सांगितलं, माझ्या वडिलांना दमा आहे, तो जाणार नाही, मला अधूनमधून यावं लागेल. तो म्हणाला, "बदलापूर-अंबरनाथ म्हणजे काय परगाव आहे का?" दुसरं काही विचारलं नाही. उन्हाळ्यात लग्न झालं.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी रोज फोन करून आकडा विचारायचे. अप्पा सांगायचे. दोनशे नव्वद. दोनशे सत्तर. मी लिहून घ्यायचे आणि फोन ठेवायचे. आठव्या दिवशी ते म्हणाले, "हे बघ, आकडा मॅडम विचारतील. तू आता आकडा विचारू नकोस."

"मग काय विचारू?"

"माणसं विचारतात ते विचार."

 मग विचारलं, "जेवलात का?"

"अजून नाही. आईने सुक्या बोंबलाचं कालवण केलंय. मसाला वाटता वाटता माझ्याशी भांडली म्हणून तिखट जास्त झालंय." मागून आईचा आवाज आला, की खोटं आहे, तिखट यांनीच ओतलं. दोघं फोन हातात धरून आपापसात बोलायला लागले, आणि मी ऐकत राहिले. शेवटी आईने फोन घेतला. "चार माणसांचं झालंय, दोघंच खाणार आहोत. येता का दोघं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने चप्पल घातली होती.