पल्लवीचं गुलाबी यीस्ट

आमच्या निगडीतल्या चहाच्या टपरीवर भुतं मी पुरवतो. हडळ, मुंजा, बिनडोक्याचा ट्रक ड्रायव्हर... ऑर्डर द्या, माल हजर! म्हणूनच माझा स्वतःचा या प्रकारांवर काडीचा विश्वास नव्हता. माल कुठे बनतो ते ठाऊक असतं ना, राव.

नोकरी महाळुंग्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये. काम यीस्टचं. पाव फुगवतं तेच, आम्ही त्यावर प्रयोग करतो. आमच्यातली पल्लवी थेरगावची. हसली की अख्ख्या एमआयडीसीचे भोंगे गप्प! तिनं वर्षानुवर्षं खपून एक वाण तयार केला होता. इतरांच्या यीस्टचे ठिपके प्लेटवर पांढरे उगवायचे, तिचे गुलाबी.

पावसाळ्यात डेंग्यूनं पल्लवी गेली. दिवाळीच्या सुट्टीत फ्रीजर बंद पडला आणि तिच्या साऱ्या कुप्या गरम होऊन गेल्या. उरलंसुरलं आम्ही प्लेटांवर पसरून इनक्युबेटरमध्ये, म्हणजे काचेच्या दाराच्या उबदार कपाटात ठेवलं. आठवडा झाला... प्लेटा कोऱ्याच.

"मेलंय ते," लॅबचे सर म्हणाले. "उद्या टाकून दे."

त्याच दुपारी पल्लवीची आई तिचा ॲप्रन न्यायला आली.

"तिचं काई जितं हाय का रं हितं?"

मी काकूंना इनक्युबेटरपाशी नेलं. "यात आहे काकू. पण उगवत नाहीये."

काकूंनी काचेवर तळवा टेकला. "ऊठ की गं पल्ले, किती लोळशील? कंपनीची बस जाईल ना!" मग माझ्याकडे वळून, "रोज असंच उठवायचे तिला."

सकाळी इनक्युबेटर उघडला तर सगळ्या प्लेटा गुलाबी. यीस्टचे ठिपके दिसायला दोन दिवस तरी लागतात. शिवाय एका प्लेटवर आम्ही नुसतं पाणी पसरलं होतं, बाहेरचं काही शिरलं तर कळावं म्हणून. तीही गुलाबी!

"ही तुझीच मस्करी ना?" सर माझ्यावरच खेकसले. मग तपासणी झाली. वाण पल्लवीचाच निघाला.

मी नाचतच फोन लावला. "काकू, उठली!"

 पलीकडून काकू बारीक आवाजात, "मंग दवाखान्यात का न्हाई उठली रं? तिथंबी असंच म्हनले होते मी..."

प्लेटा कशा उगवल्या, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही. सर तर विषयच काढू देत नाहीत. आणि मी तरी त्या वेळी काकूंना काय म्हणालो?

"जेवलात का?"... एवढंच.