मरून दोरा

सोनोग्राफीच्या खोलीत एसी इतका गार होता की बाहेर सोलापूरचा एप्रिल आहे हे खरं वाटू नये. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असतील. छातीवर जेल लावून त्या यंत्र फिरवत होत्या आणि पडद्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते. भुवया हलल्या नाहीत.

पुसायला कागद देत त्या म्हणाल्या, "काळजीचं काही नाही. दोन्ही बाजूंना पाण्याच्या बारीक पिशव्या आहेत, त्या या वयात पुष्कळ बायकांना असतात. डावीकडे एक छोटी गाठ आहे. कडा स्वच्छ आहेत, साधी वाटते. मॅमोग्राफीतही तसंच दिसतंय. सहा महिन्यांनी परत बघू. वाढत नाही ना, एवढंच बघायचं."

"आणि वाढली तर?"

"तर सुईनं तपासू. पण बहुतेक नाही वाढणार. तोपर्यंत विसरून जा."

बाकीचं सगळं माझ्या कानावरून गेलं. 'वाढत नाही ना' आणि 'बहुतेक' एवढंच घेऊन मी सात रस्ता चौकातून रिक्षानं घरी आले.

मी शाळेचे गणवेश शिवून देते. घराच्या खालच्या खोलीत मशीन मांडल्यात, तीन बायका कामाला येतात, कापायचं आणि मापाचं काम माझं. एप्रिल ते जून आम्हाला जेवायला फुरसत नसते. त्यामुळे विसरायला वेळ उत्तम होती. नवऱ्यालाही तसंच वाटलं. ते चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात देखभालीचं काम बघतात. रिपोर्ट वाचून त्यांनी तो कपाटात ठेवला.

"सहा महिन्यांनी म्हणजे सहा महिन्यांनी. आमच्या मशीनचं सर्व्हिसिंग पण असंच असतं. मधे कोणी उघडत नाही."

"मी मशीन नाही."

"मशीन तक्रार करत नाही, एवढाच फरक," असं म्हणून ते अंघोळीला गेले. रागवावं असं त्यात काही नव्हतं. मलाही त्यांचं पटलं होतं. फक्त हाताला पटलं नव्हतं.

हात दिवसभर तिकडेच जायचा. फोनवर शाळेच्या शिपायाशी बोलताना, कुकरची शिट्टी मोजताना, बायका चहाला उठल्या की. पदराआड दोन बोटं, गाठ सापडली की जीव भांड्यात, आणि लगेच दुसरा विचार, काल एवढीच होती का? काल केवढी होती ते आठवायचं नाही. बोटांना आकार कळतो, आठवण राहत नाही. हे मला धंद्यामुळे चांगलं माहीत आहे. "ह्याच्याएवढंच शिवा" असं हातानं दाखवून जाणाऱ्या गिऱ्हाइकाचं कापड मी कधी कापत नाही. माप द्या म्हणते.

म्हणून मी गाठीचं माप घ्यायचं ठरवलं.

टेप वापरून बघितली. ती छातीवर नीट बसेना, शिवाय त्या टेपनं शाळेतल्या पोरांची मापं घेतलेली, ते बरं वाटेना. मग मला आमच्या माढ्याकडची जुनी रीत आठवली. तिथं शिंपी पुरुष, आणि बायका त्याला अंगाला टेप लावू द्यायच्या नाहीत. घरातल्या घरात दोऱ्यानं माप घ्यायचं. छातीचा एक दोरा, दंडाचा एक, उंचीचा एक, प्रत्येकाला वेगळी खूण, आणि पुडी बांधून शिंप्याकडे पाठवायची. माझ्या सासूबाईंचे ब्लाऊज आयुष्यभर असेच शिवले गेले. मी लग्न होऊन आले आणि शिवणकाम सुरू केलं तेव्हा माझ्याकडेही गावाकडच्या बायकांच्या पुड्या यायच्या. बाई बाईचं माप घेणार तरी दोराच. सवय. माझी मोठी नणंद तर अजून दोराच पाठवते.

रविवारी डोक्यावरून न्हायल्यावर मी बाथरूममध्येच गाठ दोन बोटांत धरायची, वरून दोरा आडवा ठेवायचा, नखानं दाबायचं आणि कात्रीनं तोडायचं. मशीनवर त्या आठवड्यात जो दोरा असेल तो. पहिला निळा होता, मग बाटलीहिरवा, मग पांढरा, पुन्हा निळा. नखाएवढाले तुकडे. बटणांच्या एका रिकाम्या डबीत ठेवत गेले. नवा तुकडा आधीच्याशेजारी ठेवायचा, सारखा दिसला की डबी बंद. तो दिवस बरा जायचा. मला वाटायचं, मी किती शहाणी. बाकीच्या बायका रडतात, देवाला नवस बोलतात, मी माप ठेवते.

जून गेला, गणवेश गेले, हातातलं काम कमी झालं. मग रविवारबरोबर बुधवार आला. डावी बाजू दुखायला लागली. दुखतं म्हणून दाबून बघायची, दाबलं की जास्त दुखायचं. गाठी साध्या असल्या तर दुखत नाहीत असं कुणीतरी सांगितलेलं, दुसऱ्या कुणी नेमकं उलटं सांगितलेलं. मी दोन्हीला घाबरत होते.

मग एका रविवारी मशीनवर मरून दोरा होता. कॉलेजच्या पोरींच्या ओढण्या चालू होत्या. तोडलेला तुकडा मी डबीत निळ्याशेजारी ठेवला आणि तो मोठा निघाला. थोडाथोडका नाही. डोळ्यांना दिसण्याइतका.

मी तो काढून परत माप घेतलं. परत तेवढाच.

त्या दिवशी घरात सगळ्यांना भाकरी वाढली, भांडी झाली, दोन ओढण्यांना गोट लावला. कुणाला काही कळलं नाही. मी मात्र हिशोब सुरू केला होता. पैशाचा नव्हे. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, बायकांना दुसरीकडे काम लावून द्यावं लागेल, कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते नवऱ्याला माहीत नाही. फार शांतपणे चाललं होतं हे. मला वाटतं, भीतीला शांतपणाचं सोंग चांगलं जमतं. डॉक्टरकडे जावं हे मात्र सुचत नव्हतं. म्हणजे सुचत होतं, पण सहा महिने झाले नव्हते ना. आणि गेलं तर त्या 'वाढली' म्हणतील. नाही गेलं तर निदान अजून कुणी म्हणालेलं नाही.

त्याच आठवड्यात माझी मोठी नणंद माढ्याहून आली. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. साठीला आलेल्या, दोन म्हशी सांभाळतात, घरात पाय ठेवला की आधी माझे डबे उघडून बघतात. झंपराचं बटण तुटलं म्हणून खालच्या खोलीत गेल्या आणि डबी हातात घेऊनच वर आल्या.

"वैनी, ह्ये कसलं नखभर दोरं ठिवल्यात गं? बाहुलीची झंपरं शिवायलीस व्हय?"

खोटं सांगावं असं मनात आलं, पण दोऱ्याच्या मापाबद्दल आक्कांना काय फसवणार? सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या. डबीतले दोरे बोटानं वेगळे केले. मरून तुकडा उचलून उजेडात धरला.

"ह्यो मोठा हाय."

"तेच तर."

"कुटं हाय ती गाठ? बघू."

दार लावून दाखवली. त्यांनी बोट लावलं, तोंड वाकडं केलं. "एवडीशी? मला वाटलं लिंबाएवडी आसंल, त्वांड बघून तुजं." मग पदर नीट करत म्हणाल्या, "आगं, माज्या म्हशीचा सड सुजला तर मी काय दोरा घिऊन बसती का? डाक्टरला बलिवती की. तू तर शिकल्याली."

"सहा महिने झाले नाहीत अजून."

"म्हशीला म्हैना इच्यारत्यात व्हय? उद्या चल. मी येती संगं. आन् ती डबी बी घे."

डबी घ्यायची मला लाज वाटत होती. आक्कांनी ती स्वतःच्या पिशवीत टाकली, शेंगाच्या चटणीच्या पुडक्याशेजारी.

डॉक्टरीणबाईंनी तारीख बघितली आणि विचारलं, "लवकर आलात. काही नवीन जाणवलं का?" मी म्हणाले, वाढली आहे. "कशावरून?" आक्कांनी डबी टेबलावर उघडून ठेवली.

"माप हाय. दर आयतवारचं."

बाईंनी डबी जवळ ओढून एकेक दोरा बघितला. हसल्या असत्या तर मी उठून गेले असते. हसल्या नाहीत. मरून तुकड्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा घेतला तेव्हा पाळी जवळ आली होती?"

मी आठवून बघितलं. चार दिवसांवर होती.

"झोपा," त्या म्हणाल्या.

या वेळी मी भुवयांकडे बघितलं नाही. मान वळवून पडद्याकडे बघितलं. करड्या धुरात एक काळपट, आडवं, चिंचोक्यासारखं काहीतरी होतं. बाईंनी त्याच्या एका टोकाला बारीक फुली ठेवली, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि मधे ठिपक्याठिपक्यांची रेघ उमटली. आडवं झालं, मग उभं. मला एकदम ओळखीचं वाटलं. माप घेत होत्या. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"एप्रिलमध्ये होती तेवढीच आहे."

"पण दोरा..."

"तुम्ही दोरा कुठे लावता? कातडीवरून. मधे कातडी, चरबी, सूज, सगळं धरून. पाळीच्या आधी छाती भरून येते, दुखते, या वयात एखाद्या महिन्यात जास्तच. ते सगळं तुमच्या मापात येतं. रजईत शेंगदाणा शिवून टाकलाय आणि तुम्ही वरून चिमटीत धरून त्याचं माप घेताय. मी आतून घेतेय."

पावसात, थंडीत शाळेत मापं घ्यायला गेलं की मी सोबतच्या बायकांवर ओरडते, रेनकोट काढायला लावा, स्वेटर काढायला लावा, अंगावरच्या कपड्यावरून घेतलेलं माप माप नसतं. कितीदा ओरडले असेन. आणि स्वतःचं माप घेताना वर काय काय आहे, हे एकदाही मनात आलं नाही. दोरा खोटं बोलत नव्हता. त्यानं माझ्या सुजेचं माप बरोबर घेतलं होतं.

"आणि दुखतंय ते?"

"दिवसातून कितीदा दाबता?"

मी आक्कांकडे बघितलं. आक्कांनी छताकडे.

"बोट दहा वेळा दाबून बघा, तेही दुखेल," बाई म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, तीन बोटं सपाट ठेवून, दोन्ही बाजू, काखेपर्यंत. चिमटीत धरायचं नाही. आरशात बघायचं. कातडी आत ओढल्यासारखी दिसली, बोंडातून काही आलं, नवीन गाठ लागली, तर सहा महिने मोजत न बसता यायचं. आज आलात तसं. "येण्यात चूक नाही झाली," त्या म्हणाल्या. "मधल्या दिवसांत झाली."

जिना उतरताना आक्का पुढे होत्या. शेवटच्या पायरीवर म्हणाल्या, "मला कुनी कवा बगितलंच न्हाई गं. हितं येतंय का तसं, कायबी न्हाई तरी?" आम्ही परत वर गेलो आणि त्यांच्यासाठी वेळ घेतली. त्यांचं तपासून झालं, काही निघालं नाही. बाहेर येऊन त्यांनी दोनच वाक्यं सांगितली. खोली लई गार हाय. आणि बाई चांगली हाय, पण हात बर्फागत.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. हात अजून जातो. दुपारी मशीन थांबली की हमखास. मग मी त्या हातात काहीतरी देते. काज, बटणं, निवडायची मेथी. दोन्ही हात लागतील असं काम असलं तर उत्तम. रविवारच्या न्हाण्याआधी कात्री बाथरूमबाहेर ठेवायची हा नियम केला. पहिले काही रविवार अवघड गेले. मन म्हणायचं, आजच्या दिवशी तेवढं बघ, मग नको. मी कामाच्या बायकांना म्हणते तसं मनाला म्हणायची, कामाला लाग. नवऱ्याला डबीची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मी म्हटलं होतं, मधे उघडायचं नाही." त्यांना एक दिवस मोठेपणा मिळाला. मी देऊन टाकला.

ऑक्टोबरात, ठरल्या वेळी, पुन्हा त्या गार खोलीत पडले. पडद्यावर फुली, दुसरी फुली, ठिपक्यांची रेघ. बाईंनी आधीचा आकडा काढला, आताचा शेजारी ठेवला, दोन्ही मला दाखवले. सारखेच. उभं माप तर केसभर कमी होतं. कमी कसं, असं मी विचारणार होते. मग राहू दिलं. केसभर इकडचं तिकडे कुणाच्याही हातून होतं, टेप तीच असली तरी.

"आता कधी?"

"आणखी सहा महिन्यांनी. मग वर्षानं."

घरी येऊन आक्कांना फोन लावला. तिकडे म्हैस ओरडत होती.

"काय म्हनली डाक्टरीन?"

"आहे तेवढीच आहे."

"मग झालं की. दिवाळी आली, माजं झंपर कवा शिवतीस? दोरं पाटवून म्हैना झाला."

पुडी मशीनच्या कप्प्यातच होती. डबीतले तुकडे मी त्याआधीच चिंध्यांच्या पिशवीत झाडून टाकले होते, आणि डबीत पुन्हा बटणं भरली होती. पुडी सोडली. छातीचा, दंडाचा, उंचीचा, तीन दोरे, तीन खुणा. कापड पसरलं, खडू घेतला, छातीचा दोरा ताणून ठेवला. आक्कांनी तो अंगातल्या झंपरावरून धरलेला असणार, हे आता मला न विचारता कळत होतं. तेवढं वजा केलं, श्वासापुरतं दोन बोटं सैल धरलं, आणि कापायला घेतलं.