पाव तावाची जाहिरात

वाशीमच्या एका चूर्णवाल्या शेठजींकडे मी जाहिराती लिहीत असे. मराठी सातवी झालो होतो, म्हणून पेढीवर मला मास्तर म्हणत. चूर्ण पोटाचे होते. त्याची हस्तपत्रके लिहायची, छापून घ्यायची आणि शेलूबाजार, आसेगाव, इंझोरी या भागांत ती वाटली जातात की नाही ते पाहायचे, एवढे काम. ते सुटले असते तर थोरल्या भावाच्या भाजीमळ्यावर परतणे भाग होते. मळा सोडून निघालो तेव्हा दादा म्हणाला होता, "लिहून लिहून काय पिकवशीन तू?" नोकरी टिकवणे हेच माझे उत्तर होते.

शेलूबाजारला आमची पत्रके भजीवाले गठ्ठ्याने मागून घेत. घोटून घोटून लिहिलेली वाक्ये तेलात भिजताना मी पाहिली. मला वाईट वाटले. शेठजी खूश झाले.

"मास्तर, तुमाले समजत नाई. भजे खाल्ले, पोट दुखलं, का दवाईचा पत्ता हातातच हाय!"

पुढे महायुद्धामुळे कागद मिळेनासा झाला. तोवर पत्रक अर्ध्या तावाचे असे. आरंभी मळमळ व करपट ढेकर यांचे वर्णन, मध्ये ओवा-हिरड्याची महती, शेवटी गृहिणीस विनंती. शेठजींनी ते पाव तावावर आणण्यास सांगितले. गृहिणी गेली. पुढच्या खेपेस ओवा आणि हिरडा गेले. कपातीच्या वेळी आम्ही समोरासमोर बसत असू. ते शब्दावर बोट ठेवीत, मी त्याची बाजू मांडीत असे.

"हे 'करपट' कायले पायजे?"

"नुसता ढेकर समाधानाचाही असतो, शेठजी."

"मंग ढेकरच काढून टाका. भांडनच नाई."

काढला. छापखान्यात खिळे जुळवणारा म्हणाला, "मास्तर, आज तं मले सुट्टीच देल्ली तुमी!" हसण्यासारखे होते. मी हसलो नाही. ओळींबरोबर पेढीवरची माझी जागा अरुंद होत चालली होती, हे मला दिसत होते.

शेवटचा उपाय म्हणून मी सगळे पत्रक एका वाक्यात बसवले: 'जेवण तुमचे, पचविणे आमचे.' इतके नेटके वाक्य माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते. शेठजींनी ते दोनदा मोठ्याने वाचले, मान डोलावली आणि छापले. पुढच्या महिन्यात कागद आणखी आटला. पत्रकाची पट्टी झाली. तीवर चूर्णाचे नाव आणि किंमत एवढेच राहिले. शेठजी विक्रीचा अंदाज घेऊन आले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, हेच कठीण होते.

"मास्तर, तुमचं वाक्य काढलं, तरी पुड्या तेवढ्याच खपल्या. लोकं पुडीचा लाल कागद पाहून घेतात. मंग लिहाले मानूस कायले ठेवू? तुमीच सांगा."

ते खरोखरच विचारीत होते. एखादे कारण दिले असते तर कदाचित ठेवलेही असते. पोट न दुखणाऱ्यांनाही चूर्ण घ्यायला लावण्याची मला सवय होती. त्या दिवशी एका माणसाला पटेल असे एक वाक्य सुचले नाही. मी टाक पुसून ठेवला आणि उठलो.

दादाने टोमणा मारला नाही. त्याने वांग्यांची पाटी माझ्या डोक्यावर दिली. बाजारात मी दादाशेजारी पाटीमागे बसून राहिलो.

"काहून गुपचूप बसून राह्यला बे? आवाज दे."

"काय म्हणू?"

"वांगे म्हन. दुसरं काय म्हनतेत?"

प्रयत्न केला. शेवटी पाटीतली वांगी पुन्हा रचू लागलो. त्याने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच हाक दिली आणि माझ्या हाती तराजू दिला.

युद्ध संपले. कागद पुन्हा मिळू लागला. पेढीवरून बोलावणे आले नाही. मीही वाट पाहिली नाही, असे लिहिले तर बरे दिसेल. ते खरे नाही.