मेथीत कोण तल्लीन होतं?

‘तल्लीन’ हा शब्द आमच्या मराठीच्या सरांनी जणू सातबाऱ्यावर स्वतःच्या नावानं चढवून घेतला होता. नव्वद सालानंतरची गोष्ट, मी नववीत. तालुक्याच्या निबंध स्पर्धेला विषय आला, ‘तल्लीन झालेला माणूस’. मी आईवर लिहिलं.

आई नारायणगावच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायला बसली की शेजारी ठेवलेला चहा गार व्हायचा, पावणं दारात उभं राहून निघून जायचं, हिला पत्ता नाही. मूठ उचलायची, मुळं झटकायची, सारखी करायची, बांधायची. सगळं लिहिलं आणि घरी फुशारकीनं सांगितलंही, “आई, तुझ्यावर निबंध लिवलाय.”

“माझ्यावर काय लिवायचं? येडी का काय तू,” ती म्हणाली. पण दोन दिवस लई खुशीत होती.

सरांनी वही नाक मुरडून परत दिली. “याला तल्लीन होणं म्हणत नाहीत, काम म्हणतात. माणूस देवात तल्लीन होतो, गाण्यात होतो. मेथीत कोण होतं?” मोठे आले शब्दाचे मालक! स्वतः आम्हाला धडा उतरवायला लावून पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसायचे, शिपायानं दोन हाका मारल्या तरी मान वर नाही. त्याला मात्र व्यासंग म्हणायचं.

मीही कमी लबाड नव्हते. नंबर हवा होता ना. मुकाट्यानं भीमाशंकरचा भजनी म्हातारा लिहून दिला. मिटलेले डोळे, हातात टाळ, गालावर आसवं, सगळं जागच्या जागी. भीमाशंकर मी तोवर पाहिलंही नव्हतं. असल्या भिकार निबंधाला पहिला नंबर मिळाला, आणि आईला खरं सांगायचं मी टाळत राहिले.

जुन्नरला बक्षीस समारंभ होता. बाजार बुडवून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती आली आणि पुढंच बसली. मला निबंध मोठ्यानं वाचायला लावला. मी कागदावरून नजर उचलली नाही. सरांनी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले.

परतीच्या एसटीत तिनं हळूच विचारलं, “मी कुठं व्हते गं त्यात? मी वाट बघत व्हते.”

“तू फुडच्या पानावर हायेस. तेवढा टाइम नव्हता त्यांना.”

तिला पटलं. स्टँडवर उतरल्या उतरल्या शेजारीण भेटली, तर तिला अगदी ताठ मानेनं सांगत होती, “माझं फुडच्या पानावर हाये.”