ती केसर, ते केशर

निजामाच्या राज्यात एका नावावर कुणाचं भागत नसे. माझं नाव केसर. आमचं मारवाड्यांचं किराणा दुकान तीर्थपुरीच्या बाजारात होतं. पण शिकायला मला जालन्याला मामांकडे ठेवलं आणि तिथं दोन विद्वानांनी माझं नाव दुरुस्तीला काढलं.

मुलींच्या उर्दू शाळेत उस्तानीबाई म्हणाल्या, "बेटी, केसर तो देहाती लफ्ज है. असली लफ्ज जाफरान. अरबी से आया है." एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं? हजेरीला मी जाफरान झाले.

संध्याकाळी मराठी शिकवायला शास्त्रीबुवा येत. जाफरान ऐकताच त्यांनी कानांवर हात ठेवले. "शब्द संस्कृत आहे. केसर म्हणजे फुलातला तंतू, सिंहाची आयाळ! मराठीत मात्र केशर. आणि नपुंसकलिंगी. ते केशर."

"मंग मी 'मी आले' म्हणू का 'मी आलं'?"

बुवांनी तपकिरीची डबी उघडली. व्याकरण अडलं की ती उघडायची, असा त्यांचा नियम होता.

शेजारची कुणब्याची मावशी व्याकरण न शिकताच बुवांच्या पंथाची निघाली. "आलं का केशर? बस की मंग, भाकरी करून राह्यले." तिच्या तोंडी मात्र ते नपुंसकलिंग गोड लागायचं.

सुट्टीत घरी आल्यावर मी वडिलांना विचारलं, "बापूजी, माझं नाव अरबीतून आलं का संस्कृतातून?"

"करडईच्या शेतातून," ते म्हणाले. "तू झालीस त्या हप्त्यात दुकानात केसर आल्तं. सगळं नकली, करडईच्या रंगवलेल्या पाकळ्या. बाजारात हसं झालं. मी तोंड लपवून बसल्तो. तुझी आई म्हणाली, जाऊ द्या, असली केसर माझ्या मांडीवर हाय."

मला एकदम भरून आलं. पण विद्वानांना कळवणं भाग होतं. उस्तानीबाई पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी जाफरानच पुकारलं. शास्त्रीबुवांनी गंभीरपणे विचार केला. "करडई स्त्रीलिंगी आहे," ते म्हणाले, "तेव्हा 'मी आले' म्हणायला हरकत नाही."

पुढं लग्न होऊन घनसावंगीला गेले. तिथं सासू-सासरे, दीर, गडीमाणसं सगळी मला 'बीनणी' म्हणत, म्हणजे सूनबाई. एवढी विद्या खर्ची घातलेलं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही. नवऱ्याचं तर 'सुनो' एवढ्यावर भागायचं.